आवक-जावक वही: डेटाबेस आणि मेसेज यांच्यामधला दुवा कसा बांधावा

पहाटे साडेपाचला करवीर तालुक्यातल्या एखाद्या दूध संस्थेच्या दारात उभं राहिलं की मिडलवेअर, म्हणजे दोन सिस्टिमच्या मधे बसून माहितीची ने-आण करणारा प्रोग्राम, हे काय असतं ते आकृती न काढता समजतं. उत्पादक किटल्या घेऊन येतात, सेक्रेटरी फॅट लावतो, लिटर मोजतो, पीसीवर नोंद करतो आणि दूध कॅनमध्ये जातं. मग टेम्पो येतो. टेम्पोवाला फॅट काढत नाही, दरही ठरवत नाही. तो कॅन मोजतो, चलन घेतो, चिलिंग सेंटरला माल उतरवतो आणि सही झालेली पोच परत आणतो. कॅन कमी भरला तर वाद संस्था आणि तिचं दूध घेणारा दूध संघ यांच्यातला, पण दोघंही आधी बघतात टेम्पोवाल्याकडेच.

आपला प्रोग्राम म्हणजे हा टेम्पो. एका बाजूला संस्थेच्या पीसीवरचा डेटाबेस, दुसऱ्या बाजूला संघाचा सर्व्हर आणि मध्ये जेसन किंवा एक्सएमएल (माहिती मजकुराच्या रूपात मांडायच्या दोन ठरलेल्या पद्धती) यांतले मेसेज. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात कॉलेज संपवून आलेल्या पोरांना वाटतं की टेबलातल्या ओळीचं जेसन करणं हेच काम. ते काम एका दुपारीत होतं, तयार लायब्ररी आहेत. पुढचे सहा महिने जातात ते मेसेज गेला का, पोचला का, दोनदा तर पोचला नाही ना, याचा हिशेब लावण्यात. म्हणून इथे रूपांतराबद्दल कमी आणि हिशेबाबद्दल जास्त लिहिलंय. उदाहरण दुधाचं घेतलंय, कारण त्यातली चूक दर दहा दिवसांनी बिलात उमटते.

पहिली पायरी: संस्थेत जाऊन बसा

कोड लिहायच्या आधी एक सकाळ आणि एक संध्याकाळ संकलनाला बसा. वही घ्या आणि टेबलातला प्रत्येक रकाना एकेका ओळीत लिहा: नाव काय, अर्थ काय, एकक काय, रिकामा राहू शकतो का, आणि तो बदलायचा हक्क कुणाचा. शेवटचा मुद्दा बहुतेक जण सोडतात. लिटर आणि फॅट ही संस्थेची नोंद. दर आणि रक्कम संघाची. दोन्ही बाजूंना एकच रकाना बदलायची मुभा दिलीत, की खरा कुठला यावर वर्षभर फोन चालतात.

एककाचं एक उदाहरण. काही ठिकाणी काटा किलोत दाखवतो आणि बिल लिटरवर निघतं. दुधाचं एक लिटर साधारण १.०३ किलो भरतं. रकान्याचं नाव नुसतं ‘दूध’ असेल आणि एका बाजूनं किलो, दुसऱ्या बाजूनं लिटर समजून घेतलं, तर १,२०० लिटरच्या संकलनात ३६ चा फरक पडतो. तो इतका थोडा असतो की सुरुवातीला कुणाला शंकाही येत नाही. म्हणून मेसेजमधल्या रकान्याच्या नावातच एकक घाला.

दुसरं, रिकाम्याचा अर्थ. फॅट मशीन बंद पडलं म्हणून फॅट काढलीच नाही, आणि कुणीतरी शून्य टाकून पुढं गेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटाबेसात पहिलीला ‘नल’ म्हणतात. मेसेजमध्ये मात्र रिकाम्याचे तीन अवतार: रकानाच नाही, रकाना आहे पण नल आहे, आणि रकान्यात रिकामी अक्षरमाला आहे. कुठल्याचा अर्थ काय हे दोन्ही पक्षांनी कागदावर लिहून घ्यायचं. आमचा नियम साधा आहे. मोजलं नसेल तर नल पाठवायचं, रकाना गाळायचा नाही, आणि शून्य म्हणजे खरोखरच शून्य.

दुसरी पायरी: मेसेजचा आकार

डेटाबेसातली टेबलं सपाट असतात, मेसेज घरट्यासारखा: वर माथा, आत ओळी. मग एका मेसेजात किती घ्यायचं? दर ओळीला एक मेसेज पाठवला तर फुकटची वर्दळ. पूर्ण दिवसाचा एक केला तर सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत अडकून बसतं. इथं माणसं पाळीच्या हिशेबानं बोलतात, चलनही पाळीचंच असतं. म्हणून एका संस्थेच्या एका पाळीचा एक मेसेज. धंद्यातली माणसं ज्याला ‘एक’ म्हणतात तोच तुमचा एक मेसेज असावा.

```
{
  "संदेश": "क४७-२०२४०७२५-संध्या-१",
  "आवृत्ती": १,
  "संस्था": "क४७",
  "तारीख": "२०२४-०७-२५",
  "पाळी": "संध्याकाळ",
  "ओळी_संख्या": ३,
  "एकूण_लिटर": "२१.४",
  "ओळी": [
    { "कोड": "०१७", "जनावर": "म्हैस", "लिटर": "८.५", "फॅट": "६.७" },
    { "कोड": "०१७", "जनावर": "गाय", "लिटर": "६.४", "फॅट": "३.९" },
    { "कोड": "१०५", "जनावर": "म्हैस", "लिटर": "६.५", "फॅट": नल }
  ]
}
```

(वाचायला सोपं म्हणून सगळं मराठीत लिहिलंय. रकान्यांची नावं देवनागरीत चालतात, पण अवतरणाबाहेरचे आकडे आणि नल हे जेसनला रोमन लिपीतच लागतात. एका ऑपरेटरनं कीबोर्ड मराठीवर ठेवून लिटर भरले होते, तेव्हा हे आम्हाला कळलं.)

या तुकड्यात चार गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. कोड अवतरणात आहे, कारण "०१७" चा आकडा केला की १७ होतो आणि संघाच्या यादीत १७ नावाचा सभासदच नसतो. लिटर आणि फॅटही अवतरणात आहेत, कारण बहुतेक भाषा जेसनमधला दशांश आकडा बायनरी अपूर्णांकात ठेवतात आणि तिथे ०.१ अधिक ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. पैशांपर्यंत जाणारा प्रत्येक आकडा अक्षरमालेत पाठवा आणि दोन्ही टोकांना दशांश प्रकारात वाचा. याच कारणानं मोठे क्रमांकही अवतरणात ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ च्या पुढचे पूर्णांक बिनचूक राहतील याची खात्री नसते. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं आहे, म्हणजे ०४/०७ हा जुलै की एप्रिल यावर डोकं खाजवावं लागत नाही. आणि माथ्यावर ओळींची संख्या व लिटरची बेरीज आहे. तोच चलनावरचा कॅनचा आकडा.

समोरच्याचा नियम वेगळा असेल तर तोच पाळायचा. जीएसटीच्या ई-इनव्हॉइसचा जेसन तारीख दिवस/महिना/वर्ष अशीच मागतो. तिथे आपला शहाणपणा चालत नाही.

मेसेज हातानं अक्षरं जोडून बनवू नका. नावात ‘&’ आला की एक्सएमएल मोडतो, अवतरणचिन्ह आलं की जेसन. लायब्ररी वापरा, विषय संपला.

मराठी नावांची गंमत

याला वेगळा परिच्छेद, कारण इंग्रजी शिकवण्यांमध्ये हे सापडत नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘पाटील’ मध्ये प, काना, ट, वेलांटी, ल अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजणाऱ्या डेटाबेसात ३० चा रकाना १० चिन्हांत भरतो आणि नाव अर्ध्यात तुटतं. डेटाबेसशी जोडणी करताना अक्षरसंच सांगायला विसरलात तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ येते. ती एकदा डेटाबेसात जाऊन बसली की मूळ नाव परत मिळत नाही.

आता ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, डेटाबेसाला मात्र दोन वेगळी माणसं. युनिकोडचं प्रमाणीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लिखावटी एक करणं) करूनही हे दोन एक होत नाहीत, तो बदल आपल्यालाच लिहावा लागतो. म्हणून माणूस कोडवरून ओळखायचा, नाव फक्त वाचायला. आणि जुन्या संस्थेचा डेटा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टातला असेल तर आत इंग्रजी अक्षरांचा खिचडा असतो. तो आधी एकदाच बदलून, सेक्रेटरीकडून सभासद यादी तपासून घ्या. चालत्या दुव्यात असलं काम करत बसू नका.

तिसरी पायरी: जावक वही

खरा घोळ इथं सुरू होतो. नवशिका असं लिहितो: पाळी बंद केली की नोंद सेव्ह करायची, मग मेसेज पाठवायचा. या दोघांच्या मधेच लाइट गेली तर? नोंद आहे, मेसेज गेलाच नाही. उलटं केलं, आधी मेसेज आणि मग सेव्ह, तर संघाकडं दूध पोचलेलं आणि संस्थेकडं नोंदच नाही.

उपाय ग्रामपंचायतीपासून कलेक्टर ऑफिसपर्यंत सगळीकडं आहे: आवक-जावक वही. पाळी बंद करण्याची नोंद आणि ‘जावक’ टेबलातली ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. एकतर दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. इंटरनेट आहे की नाही याचा इथं काही संबंध नाही. मग एक वेगळा छोटा प्रोग्राम दर मिनिटाला जावक टेबल बघतो, न गेलेले मेसेज उचलतो आणि पाठवतो. पुस्तकात याला आउटबॉक्स म्हणतात. मी जावकच म्हणतो. सेक्रेटरीलाही लगेच कळतं.

जावक ओळीत हे हवं: मेसेज क्रमांक, तयार झालेला पूर्ण मेसेज जसाच्या तसा, स्थिती, किती वेळा प्रयत्न झाला, आणि पोच कधी आली. स्थिती तीनच: ‘पाठवायचा’, ‘पाठवला’, ‘पोच आली’. पाठवला आणि पोच आली या दोन स्थिती एकत्र करायचा मोह होतो. करू नका.

इथं एक चूक हमखास होते. पोरं म्हणतात, स्थिती कशाला, मागच्या वेळी कुठल्या क्रमांकापर्यंत वाचलं तेवढं लक्षात ठेवू, त्यापुढचं उचलू. बघा काय होतं. दोन खिडक्यांवर एकाच वेळी संकलन चाललंय. पहिल्या खिडकीला क्रमांक १०१ मिळाला, दुसरीला १०२. दुसरीचं काम आधी संपलं, १०२ कमिट झाला, म्हणजे डेटाबेसात पक्का नोंदला गेला. आपला प्रोग्राम आला, त्याला १०२ दिसला, त्यानं ‘१०२ पर्यंत झालं’ असं लिहून ठेवलं. दोन सेकंदांनी १०१ कमिट झाला. आता तो कधीच उचलला जाणार नाही, कारण आपण पुढं निघून गेलो. ‘शेवटचा बदल किती वाजता’ या वेळेवर चालणाऱ्या पद्धतीलाही हाच रोग आहे. टेस्टिंगला तो सापडत नाही, कारण तेव्हा खिडकी एकच असते.

चौथी पायरी: पाठवणं, आणि गप्प बसलेला सर्व्हर

सर्व्हरनं ‘मिळालं’ म्हटलं, ठीक. ‘घेणार नाही’ म्हटलं, तेही ठीक. तिसरी शक्यता म्हणजे काहीच उत्तर आलं नाही. याचा अर्थ ‘पोचलं नाही’ असा घेऊन मी एकदा चांगला फसलोय.

पावसाळ्याचे दिवस, लाइन धड नाही. माझा प्रोग्राम ३० सेकंद वाट बघायचा आणि उत्तर नाही आलं तर परत पाठवायचा. दरवेळी मेसेज नव्यानं तयार व्हायचा आणि त्याला नवा क्रमांक मिळायचा. सर्व्हरपर्यंत मेसेज पोचत होता, परत येणारं उत्तर तेवढं वाटेत हरवत होतं. दहा दिवसांचं बिल निघालं आणि सेक्रेटरी तात्यांचा फोन: “साहेब, एका पाळीला माझ्या बाराशे लिटरचं छत्तीसशे कसं झालं वो? म्हशी तेवढ्याच हायत.” तात्या सरळ माणूस म्हणून बोलले. चूक सगळी माझी होती.

त्यावरून धडा घेतला तो असा: क्रमांक मेसेज पाठवताना देऊ नये, तयार होतानाच द्यावा, आणि परत पाठवताना तोच मेसेज, तोच क्रमांक, अक्षराचाही फरक न करता. म्हणूनच जावक वहीत पूर्ण मेसेज साठवायला सांगितलं.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्रीला जीएसटीचं काम करून द्याल तेव्हा हीच कल्पना सरकारनं वापरलेली दिसेल. ई-इनव्हॉइसचा ६४ चिन्हांचा आयआरएन (बिलाचा संदर्भ क्रमांक) हा पुरवठादाराचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक यांवरून हॅश काढून बनतो, म्हणजे त्याच माहितीवरून दरवेळी तीच चिन्हं देणाऱ्या गणितानं. तेच बिल दुसऱ्यांदा पाठवलं तर तोच आयआरएन निघतो आणि पोर्टल ‘हे आधीच आलंय’ म्हणतं. तुमच्या प्रोग्रामनं त्या उत्तराला चूक समजून बोंब मारायची नाही. ती पोचच आहे.

परत पाठवण्यातलं अंतर वाढवत न्या: एक मिनिट, दोन, चार, आठ, मग दर अर्ध्या तासानं. थांबायचं कधी? मी आधी २४ तासांची मर्यादा ठेवायचो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. अशा दिवसांत २४ तास म्हणजे काहीच नाही. आता मर्यादा ठेवत नाही. एका दिवसानंतर फक्त ऑफिसच्या पडद्यावर त्या संस्थेचं नाव लाल होतं.

पाचवी पायरी: आवक वही

पाठवणारा तोच मेसेज दोनदा पाठवणार हे गृहीत धरलं की घेणाऱ्याचं काम ठरतं. आवक टेबलात मेसेज क्रमांकावर एकमेवतेचं बंधन घाला. मेसेज आला की एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन कामं: आवक वहीत क्रमांक लिहायचा आणि ओळी मूळ टेबलात टाकायच्या. क्रमांक आधीच असेल तर ओळींना हात न लावता पुन्हा पोच द्यायची. ‘आधी शोधून बघू, नसेल तर टाकू’ असं कोडमध्ये लिहून भागत नाही. दोन प्रती एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही ‘नाही’ दिसतं. बंधन डेटाबेसातच हवं.

पोच द्यायची ती कमिटनंतर. आधी पोच आणि मग कमिट फसला, तर ते दूध कायमचं गेलं.

दुरुस्त्याही येतात. सेक्रेटरी म्हणतो, १०५ ची फॅट चुकली. जुना मेसेज बदलू नका, आवृत्ती २ चा नवा, त्या पाळीचा पूर्ण मेसेज पाठवा. घेणाऱ्यानं आपल्याकडच्या आवृत्तीपेक्षा मोठी असेल तरच लावायची; दुसरी आधी आणि पहिली मागून आली तर पहिलीची पोच द्यायची आणि ती बाजूला ठेवायची. कोड आणि पाळी एवढ्यावर ओळी ओळखू नका हेही सांगून ठेवतो. वरच्या उदाहरणात ०१७ दोनदा आहे, एकदा म्हशीचं, एकदा गाईचं. एखादा माणूस म्हशीच्याच दोन किटल्या दोन वेळा आणतो. ओळीला स्वतःचा अनुक्रम द्या.

तपासणी आणि अडकलेली टपाल

तपासणी दोन थरांत. पहिली आकाराची: रकाने आहेत का, तारीख तारखेसारखी आहे का. असे नियम लिहायला एक्सएमएलसाठी एक्सएसडी, जेसनसाठी जेसन स्कीमा. दुसरी अर्थाची: कोड यादीत आहे का, म्हशीची फॅट ६.७ ऐवजी ६७ तर नाही ना, ओळींची बेरीज माथ्यावरच्या एकूण लिटरशी जुळते का. बेरीज जुळली नाही तर पूर्ण मेसेज परत. एखाद्याच ओळीचा कोड अनोळखी असेल तर मी बाकीच्या ओळी घेतो आणि ती एक ‘अडकलेली’ म्हणून वेगळी ठेवतो. एका नव्या सभासदापायी दोनशे जणांचं बिल थांबवणं मला पटत नाही. काही लोक सगळं किंवा काहीच नाही या मताचे आहेत. तेही चालतं, फक्त दोन्ही पक्षांनी आधी ठरवा.

अडकलेल्या ओळी रोज बघायला एका माणसाचं नाव लावा. ‘टीम बघेल’ म्हटलं की कुणी बघत नाही. आणि चुकीचा निरोप सेक्रेटरीला समजेल असा हवा: ‘कोड २१४ सभासद यादीत नाही, २५ जुलै संध्याकाळ, ६.५ लिटर’. फॉरेन की तुटली असं त्यांच्या पडद्यावर आलं तर फोन तुम्हालाच येणार.

भाग वेगळे ठेवा

प्रोग्रामचे तीन तुकडे पाडा: डेटाबेसातून वाचणारा, रूपांतर करणारा, पाठवणारा. मधल्याला डेटाबेसही दिसू नये आणि नेटवर्कही. त्याला ओळी द्यायच्या, मेसेज घ्यायचा. मग जुन्या वीस पाळ्यांचा डेटा घेऊन त्याची तपासणी एका सेकंदात होते, आणि उद्या संघानं जेसनऐवजी एक्सएमएल मागितला तर बाकी दोघांना धक्का लागत नाही.

पक्ष वाढले की मधला एक स्वतःचा आकार ठरवणं फायद्याचं. सहा प्रकारची संस्थांची सॉफ्टवेअर आणि तीन घेणारे असतील, तर थेट जोडण्या १८ होतात. मधल्या आकारातून गेलं तर ९ रूपांतरांत भागतं. पण पक्ष दोनच असताना हा थाट करू नका. काफ्का, रॅबिटएमक्यू अशा मेसेज वाहून नेणाऱ्या तयार सॉफ्टवेअरबद्दलही माझं हेच मत. शंभरेक संस्था, दिवसाला दोन पाळ्या म्हणजे दोनशे मेसेज. एवढ्याला एक टेबल आणि दर मिनिटाला चालणारा प्रोग्राम पुरून उरतो.

नवा रकाना वाढवायचा असेल तर खुशाल वाढवा आणि घेणाऱ्यानं अनोळखी रकाना दुर्लक्षित करावा असं पहिल्या दिवशीच ठरवा. जुन्या रकान्याचा अर्थ मात्र कधीही बदलू नका. लिटरच्या जागी किलो हवेत? नवा रकाना, नवं नाव.

शेवटची पायरी: ताळा

एवढं सगळं करूनही रोज रात्री ताळा घ्या. संस्थेच्या जावक वहीतून दिवसाचे मेसेज, ओळी आणि लिटर यांची बेरीज. संघाच्या आवक वहीतून तेच तीन आकडे. फरक आला तर कुठल्या पाळीत ते काढणारा एक अहवाल. मेसेज संख्या जुळली पण लिटर नाही, तर रूपांतर तपासा. लिटर जुळले पण ओळी नाहीत, तर कुणीतरी हातानं नोंद घातलीय. मेसेजच कमी असतील, तर जावक वहीत ‘पाठवला’ वर अडकलेल्या ओळी बघा.

दुवा सुरू करताना पूर्ण एक बिल, म्हणजे दहा दिवस, कागदी चलन आणि मेसेज दोन्ही चालू ठेवा. रोज संध्याकाळी सेक्रेटरीच्या वहीशी आकडे ताडून बघा, तेही फोनवरून नाही, तिथं जाऊन. पाचव्या-सहाव्या दिवशी मुद्दाम पाळी बंद करताना नेटची वायर काढा, दहा मिनिटांनी लावा. मग एकदा मेसेज जाताना पीसीचं बटणच दाबा. दोन्ही वेळा रात्रीचा ताळा लिटरच्या दशांशापर्यंत जुळला, की अकराव्या दिवशी कागदी चलन बंद करायचं की नाही हे तात्यांना ठरवू द्या.